छातीचा कागद

तात्या, हे पत्र मी नऊ वर्षं टाळलं. एकदा इंदापूरच्या स्टँडवर कागद काढलाही होता, पण समोर टेंभुर्णीची गाडी लागली आणि तिथं काही काम नसताना मी चढलो. आता बारामतीत एका सायकलच्या दुकानात आहे. मालक जेवायला गेलाय. तीन आठवडे टिकलोय, माझ्या मानानं पुष्कळ.

तुमची चाकाच्या तारा आवळायची चावी अजून खिशात असते. भवानीनगरच्या आपल्या दुकानात तुम्ही ती माझ्या हातावर ठेवलीत, तेव्हा मी आठवीत नापास झालो होतो आणि माराची वाट बघत होतो. डुगणाऱ्या चाकाचा औट काढताना तुम्ही म्हणायचात, "हात चाकावर हायत, डोळं कुठं फिरत्यात?" माझे डोळे रस्त्यावर असायचे. अजून असतात. शेवटच्या वर्षी मात्र तुम्हीच चाक फिरवून द्यायचात आणि ते थांबेपर्यंत नुसते बघत बसायचात. गिऱ्हाईक हाका मारून निघून जायचं. जेवण नाही, झोप नाही. चुलते म्हणायचे, आळस भरलाय. आई मीठमोहऱ्या उतरवायची. डॉक्टर कुणालाच सुचला नाही. मग तुम्ही जीव दिलात, आणि दारात माणसं जमायच्या आत चुलत्यांनी आम्हाला पढवलं, छातीत कळ आली म्हणायचं, पोरीचं लग्न व्हायचंय. मीही म्हणत राहिलो. गावोगाव, चहाच्या टपरीवर, कुणी विचारलं नाही तरी.

(एकजण हवा भरून गेला. कुठं होतो?)

ते खोटं आता वालचंदनगरजवळच्या कळंबला जाऊन बसलंय. तुमची पोर तिथं दिली. बाळंत होऊन पाच महिने झाले. बाळ रडतं आणि ती भिंतीकडं बघत असते, तुम्ही चाकाकडं बघायचात तशी. सासरच्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, वडील कशानं गेले? तिच्या सासूबाई म्हणाल्या, छातीनं. मग काय, दोनदा अंगाला वायरी लावून छातीचा कागद काढला. दोन्ही कागद चांगले आले. घरानं ठरवलं, पोरगी नाटकं करते.

चार दिवसांमागं मी गेलो होतो. ती हळूच म्हणाली, "दादा, मी नसले तरी बाळाचं काय आडणार न्हाय." मी तसाच उठलो. बाहेर सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो.

"मावशी, आमच्या तात्यांना छातीचं काय नव्हतं. त्यांनी जीव दिला. तेबी आदी असंच गप बसायचं. हिला एकटी सोडू नका. बारामतीला मनाचं डॉक्टर हायत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "फसवलंत की आमाला. आदी कळलं असतं तर केली नसती तुमची पोर."

"व्हय, फसवलं," मी म्हणालो. "पर आता कळलंय न्हवं?"

त्यांनी मला उठायला सांगितलं. मेहुणे मात्र आत जाऊन तिच्यापाशी बसले. दोन दिवस ते कामावर गेले नाहीत, एवढा निरोप काल दूधवाल्याकडून आला. तेव्हापासून मला दुकानात धड बसवत नाही. वालचंदनगरकडून गाडी आली की उठतो, बघतो, परत बसतो.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी तुम्ही म्हणाला होतात, "आज जरा हितं बस माझ्यापाशी." मी व्हय म्हणालो, आणि कोपऱ्यावर बोअरची गाडी आली म्हणून बघायला पळालो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुमच्यावर फार राग होता, तात्या. आता वाटतं, तुम्हाला काय होतंय हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

थांबा. स्टँडकडून कोण येतंय बघा. सासूबाई. काखेत बाळ, आणि दुसऱ्या हातानं तुमच्या पोरीचा हात घट्ट धरलेला. मी उठून उभा राहिलो तर माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कुठंशी बसतो तो तुजा डॉक्टर?"

पाणी पितायत, तेवढ्यात हे लिहितोय. कागद हत्यारांच्या डब्यात ठेवतो. मालक ओरडला तर ओरडू दे. तिचा नंबर येईपर्यंत आज मी दवाखान्याच्या बाकावरनं उठणार नाही.