बाळापूरला जाणारा रम्य मार्ग

४ ऑगस्ट १९३८, हिंगोली
कापसाच्या जिनिंगचे साहेब विलायतेला परत गेले. त्यांची फटफटी आता माझी. पावसाळ्यात जिन बंद, म्हणजे कारकुनालाही सुट्टी. सखूला म्हणालो, आपण दोघं टूरवर निघू. या मुलखात असं कुणी जोडपं गेलं नसेल. ती म्हणाली, "मग मायकडं न्या. माय लई थकलीय." मान्य. तिचं माहेर आखाडा बाळापूर, हा शेवटचा स्टॉप. पण वाट रम्य हवी.

६ ऑगस्ट
कळमनुरीवरून सरळ रस्ता आहे. मुरमाचा. दोन्हीकडे बाभळी. सीनरी शून्य. त्या रस्त्यानं बैलगाडीसुद्धा दिवसात पोचते, यावरूनच त्याची लायकी कळते. त्यापेक्षा औंढ्यावरून जावं. देऊळ, हिरवे डोंगर, तिथे चहा. मग पूर्वेला वळून ओढ्याकाठी शिदोरी. सखूनं विचारलं, डोंगर काहून बघायचा, बघितलेला हाय की. सौंदर्यदृष्टी हळूहळू येते.

९ ऑगस्ट
सराव. जिनच्या फाटकापर्यंत गेलो. क्लच तत्त्वतः समजला. वळता येत नाही अजून. मार्गातली वळणं कमी करावीत का? नको. वळणांतच तर मजा आहे.

१२ ऑगस्ट
मेहुणा संतराम गाडी घेऊन बहिणीला न्यायला आला. सासूबाई दाराकडे डोळे लावून बसतात म्हणे, सारखं सखूचं नाव. "दाजी, आताच निघू, सांजेपर्यंत पोचतो." सखू तर बोचकं बांधून उभीच. संतरामला बैलाचा वेग आणि इंजिनाचा वेग यांतला फरक समजावला. तो म्हणाला, "बैलाला बराबर ठाऊक असतं कुठं जायचं ते. इंजिनाला हाय का?" अडाणीपणा. सासूबाईंना निरोप दिला, लेक फटफटीवर येत आहे. गाडी रिकामी परत गेली. सखूनं बोचकं सोडलं नाही, तसंच खुंटीला अडकवलं.

१६ ऑगस्ट
आज निघणार होतो. पाऊस. पावसात सीनरी दिसत नाही.

१९ ऑगस्ट
प्लग गेला. नांदेडहून मागवलाय. सखू आता काही विचारत नाही. समजूतदार आहे.

२२ ऑगस्ट, पहाटे
प्लग आला आणि एक थोर कल्पनाही आली. गुरुवारी पोळा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू चढत नाही, म्हणजे रस्त्यात एकही गाडी आडवी येणार नाही. सगळा रस्ता आपला! सखू म्हणाली, "सणाला घर सोडून?" मग खुंटीवरच्या बोचक्याकडे बघून, "बरं. पण आता उशीर नका करू."

२५ ऑगस्ट, पोळा
सकाळी औंढा. चहावाला सणाला गावी गेलेला. डोंगरावर ढग. सखूला म्हणालो, ढगामागे फार सुंदर आहे.

दुपारी. पुढची जमीन काळी. ओढ्यापाशी मागचं चाक रुतलं. जोर लावला तर पुढचंही. रस्त्यात खरोखर एकही गाडी नाही. तेवढा अंदाज तंतोतंत. जवळच्या तांड्यावर गेलो. थावरा नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात चार बैल, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. म्हणालो, फक्त अर्धा तास द्या. तो हसायलाच लागला. "साहेब, आज त्यांच्या पाया पडून राहिलो आमी, आन तुमी म्हणता चिखलात घाला? बसा, पोळी खा. उद्या चारी जुंपतो." पोळी छान होती. सखूनं खाल्ली नाही. तिनं थावराच्या सुनेला, भिकाबाईला, बाळापूरची वाट विचारली. चार कोस. भिकाबाईनं घागरा खोचला, "चल बाई, मी येते," म्हणाली, आणि दोघी पायी निघाल्या. जाताना सखू म्हणाली, "तुमी या सावकाश. सीनरी बघत." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२६ ऑगस्ट
बैलांनी फटफटी ओढून काढली. इंजिन सुरू होईना, म्हणून ती गाडीत चढवली. फटफटी गाडीत, मी फटफटीवर. उंचावरून मुलूख चांगला दिसतो.

२७ ऑगस्ट, बाळापूर
सासूबाई आहेत. जिवात जीव आला. मग संतरामनं ओसरीवर सांगितलं, पोळ्याच्या आधी ताप चढला, तोवर सगळं नीट बोलत होत्या. आता माणूस ओळखत नाहीत.

सखू उशाशी बसून पेज भरवत होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "कुणाची गं लेक तू? गुणाची हायस. जरा दारात जाऊन बघ बरं. माझी सखू येऊन राहिली, फटफटीवर. आवाज येतो का?"

सखू उठली. दारात जाऊन उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "येऊन राहिली, माय. लांबच्या रस्त्यानं येऊन राहिली."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा सखू उठली.

मी अंगणात गेलो. म्हटलं, निदान आवाज तरी ऐकवावा. दिवस मावळेपर्यंत किक मारत होतो. सुरू झाली नाही.