गळ्यातलं तेवढं राहू द्या

बोर्ली पंचतन,
कार्तिक पौर्णिमा, शके १८५३

चिरंजीव दयाराम भाऊजी यांस वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुमचा खोकला गेला असेल. इथे नीरूचा ताप उतरला. अनंता दिवसभर खायला मागतो, म्हणजे त्याची तब्येत ठणठणीत आहे.

तुमचं पत्र पोचलं. हरिहरेश्वराला खडकात वाहून आला तो माणूस दादा होता का, असं सरळच विचारलंत. दादा असेल तर गिरणीतून रजा काढून येतो, क्रिया रीतसर व्हायला हवी, असंही लिहिलंत. भाऊजी, येऊ नका. हात जोडते, येऊ नका.

पोलीस पाटलांनी मला गाडीतून तिकडे नेलं होतं. मी पाहिलं आणि हे आमचे नव्हेत म्हणून सांगितलं. पंचनाम्यात तसंच आहे. हे मुंबईला तुमच्याकडे यायला निघाले होते, हे गावाला ठाऊक आहे. कोणी विचारलं तर दादा मुंबईतच कुठे कामाला लागलाय म्हणा.

तुम्हांला इथलं अर्धवटच कळलं असणार. सुपारीची वखार भिजली, सावकार थांबेना, म्हणून यांनी कोर्टात नादारीचा अर्ज दिला. बेलिफ आला. तागडी, वजनं, अडकित्ते, बसायचे पाटसुद्धा उचलून नेले मेल्यांनी! कायद्याने सोडायचं तेवढं सोडलं. रांधायची भांडी, अंथरुणं, अंगावरचे कपडे. सावकाराच्या कारकुनाने माझ्या गळ्याकडे बोट केलं, तर बेलिफ म्हणाला, "गळ्यातलं तेवढं राहू द्या. बाईला धर्माने जे उतरवता येत नाही, ते जप्त होत नाही."

कारकून हसला. म्हणाला, "नवरा आहे तोवर नाही. पुढचं पुढे बघू."

आता गळ्यात काय आहे तेही सांगते. अर्ज देण्याआधी यांनी माझ्या पाटल्या, गोठ, नीरूच्या बाळ्या सगळं आटवून मणी करून घेतले आणि मंगळसूत्रात ओवले. आळीतल्या बायका म्हणाल्या, घरात नाही दाणा आणि गळ्याचा ताठा बघा. मी म्हटलं, हसा. ही लबाडी आहे म्हणाल तर आहे. पण त्याच लबाडीवर चूल पेटते. श्रीवर्धनला एक सोनार आहे, त्याच्याकडे एकेक मणी मोडते. तांदूळ येतात, थोडी सुकट येते. सगळं एकदम मोडलं तर कारकुनाच्या डोळ्यांवर येईल.

परवा भागुबाईकडे तुळशीचं लग्न होतं. शेजारची सवाष्ण म्हणून तिने मला बोलावलं. गेले. ओटीत नारळ पडला तशी मी खांबाला धरून खाली बसले. तिला वाटलं मी उपाशी आहे. बिचारीने पदरात दोन लाडू जास्त घातले. पोरांनी ते वाटेतच संपवले.

तुमच्याशी खोटं बोलून मला झोप यायची नाही. त्यांच्या अंगातल्या बंडीला ठिगळ होतं, माझ्या लुगड्याच्या काठाचं. मीच लावलेलं. आणि त्या दिवशी मी तेच लुगडं नेसले होते. दुसरं आहे कुठे? काठ मांडीखाली दाबून बसले. पाटील म्हणाले, "बाई, घाई नाही. पुन्हा एकदा नीट बघा." मी म्हटलं, बघितलं. नव्हेत.

कारकून काय बोलला ते तुमच्या दादांनी ऐकलं होतं, भाऊजी! तिथेच उभे होते. तरी पाण्यात गेले. मला रडू येण्याआधी रागच येतो. लोकांनी वाळूत खड्डा करून त्यांना पुरलं. लांबलांबची माणसं त्या क्षेत्री पिंड द्यायला येतात, आणि मी यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही घातला नाही. तशीच गाडीत बसून परत आले.

म्हणून एक काम सांगते. तुम्ही तिथे मुंबईतच बाणगंगेवर जा. आपल्या गावचं कोणी बरोबर नको. आश्विन वद्य नवमी ही तिथी सांगा आणि सगळं करा, काही कमी करू नका. कावळा लवकर शिवायचा नाही. मग हात जोडून म्हणा, मनूने तुला ओळखलं होतं. पोरांसाठी नाही म्हणाली. तेवढ्याने शिवेल. पोरांवर यांचा जीव होता.

मणी संपतील तेव्हा मी कुंकू पुसेन. रडायचं ते तेव्हाच रडेन, आणि तुम्हांलाही बोलावून घेईन. तोवर माझा चुडा कोणी फोडू नका.

हे पत्र वाचून चुलीत घाला. उत्तर धाडाल त्यावर नावाआधी सौभाग्यवती लिहायला विसरू नका. इथला टपालवाला पत्ता मोठ्याने वाचतो आणि कारकुनाचं घर समोरच आहे.

तुमची वहिनी,
सौ. मनुबाई