कुलूप लागलेली घरं

बाबा, आज तुम्हाला सांगण्यासारखं घडलंय आणि ऐकायला नेमके तुम्हीच नाही, म्हणून चिडचिड होतेय आणि हसूही येतंय.

तुम्ही सरकारी सर्व्हेच्या नोकरीत होतात तेव्हाचं आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. निवडलेल्या थोड्याच घरांत विचारायचं आणि त्यावरून अख्ख्या वस्तीचा अंदाज बांधायचा, हे तुमचं काम. एका घराला सारखं कुलूप, म्हणून तुम्ही पुन्हा हेलपाटा घालून उशिरा आलेले असता. आई पोळी तव्यावर आपटते. "शेजारी विचारलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं?" मीही तिचीच री ओढते, "हो ना, एका घराने असा काय फरक पडतो?" तुम्ही ताट बाजूला सारता. "शेजारी घरात होता, म्हणूनच तो चालत नाही! कुलूपवाला दिवसभर कुठे असतो, तेच तर विचारायचंय." तुम्ही एरवी आवाज चढवायचा नाहीत. मी त्या दिवशी रुसून जेवलेच नाही.

आता मी दिल्लीच्या द्वारकेत, लेकीकडे. इथल्या सोसायटीचं पाळणाघर बंद करून तिथे जिम करायचं घाटत होतं. नात तिथेच असते. ते गेलं तर लेकीची गुरुग्रामची नोकरी सुटणार, कारण त्या पोरीमागे धावणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही. राजीनाम्याची भाषा सुरू झाली होती. मी तडक सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "आंटी, बिल्कुल फेअर सर्व्हे किया है. हर पाँचवाँ फ्लॅट. ज्यादातर को जरूरत ही नहीं."

"और जहाँ ताला था?"

"वहाँ बगलवाले से पूछ लिया."

आणि हे सगळं भर दुपारी! अहो, दुपारी दार उघडणार कोण? ज्यांच्या घरी पोरांजवळ माणूस आहे तेच ना! मी अशी काही भांडले की बिचारे रविवारी सकाळी माझ्याबरोबर त्या कुलूपवाल्या घरांच्या बेल वाजवत फिरले. बहुतेक दारांत कडेवर पोर घेतलेली आई, नाहीतर बाप. काल कमिटीने पाळणाघर ठेवायचं ठरवलं. लेक आत काहीतरी गुणगुणतेय, कितीतरी दिवसांनी.

जीव भांड्यात पडला, बाबा. पण एक तुम्हालाच सांगते. दर दारापाशी मी मनात म्हणत होते, मूल असू दे, मूल असू दे. एका म्हाताऱ्या जोडप्याने "नको" म्हटलं, ते मी सेक्रेटरींना लिहायला लावलं खरं, पण ओठ दाबून. सगळीच उत्तरं तशी आली असती तर मी काय केलं असतं, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्ही समोर असतात तर हे बोललेही नसते.