इंजिनावरचे शेंदराचे ठिपके

बाबा,

माझ्या गाडीत आवाज आहे असं सगळे म्हणून राह्यले होते, आणि मला तो ऐकू येत नव्हता. एवढंच सांगायला बसले होते. पण आपल्या घरात एवढंच असं काही नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोणी काही बोललं की का बोललं, कोणाच्या सांगण्यावरून बोललं, त्यात त्याचा काय फायदा, हे शोधल्याशिवाय आपल्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून मीही शोधायला लागले. पहिल्यांदा धाकटी बोलली. मागच्या महिन्यात माझ्या दारात उभी राहून म्हणते, "ताई, तुह्या गाडीचा आवाज बदलला न वं." हिला उभ्या जन्मात पेट्रोल आणि डिझेलच्या वासातला फरक कळला नाही, आणि ही मला इंजिनाचा आवाज सांगते! नक्की कोणीतरी शिकवून पाठवलं असणार. या वयात बाईमाणसानं एवढी मोठी गाडी बाळगू नये, असं तिच्या मनात पहिल्यापासून आहे. मग कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला. दोघं मिळालेले आहेत हे मी तेव्हाच ओळखलं.

माझी ही मोटरसायकल तुम्ही पाहिली नाहीत. लांबच्या प्रवासाची आहे, पुढे वारा अडवायला काच, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. दुकान बंद असलं की मी निघते. गेल्या हिवाळ्यात कन्याकुमारीला जाऊन आले, आता पुन्हा मोठा पल्ला डोक्यात आहे. निगा सगळी माझी मी राखते. साखळीला तेल, इंजिनाचं ऑइल, कापसाच्या दिवसांत हवेचा फिल्टर तर वरचेवर, कारण भैंशा गावाच्या रस्त्यावर ट्रकांतून उडालेला कापूस त्यात जाऊन बसतो आणि तो उशीसारखा पांढरा होतो. हे सगळं तुमच्याकडूनच आलं. तुम्ही त्या जुन्या मोटरसायकलवर चहापत्तीची पोती बांधून बाजारोबाजार हिंडायचात, आणि मावल्याच्या रस्त्यावर मला हँडल देऊन मागे बसायचात. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "हसू दे. पोरगी गाडी शिकली त दुकान चालवन." चालवते आहे, बाबा. तेच दुकान, तीच चहापत्ती.

एक दिवस मात्र मी विसरलेले नाही. गुडीहत्नूरच्या रस्त्यावर थंडी अशी की कान तुटून पडतील, म्हणून मी ओढणी कानावरून घट्ट गुंडाळली होती. तुम्ही मागून खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावलीत आणि भर रस्त्यात ओढणी सोडलीत. "कान बांधून गाडी चालवतं का कोनी? डोये रस्त्याले, कान इंजिनाले. देवानं कान काऊन देल्ले?" मी रडकुंडीला आले होते. पण ते वाक्य असं बसलं, की हेल्मेटमध्ये वाऱ्याचा कितीही घोंगाट होवो, मी कानात कधी काही घातलं नाही. हेल्मेटवाल्यानं फोमचे बोळे दिले होते. ते मी दुकानाच्या खिडकीच्या फटीत कोंबले, धूळ यायची म्हणून. तिथेच आहेत अजून.

तुम्ही मला दुसरी एक गोष्ट शिकवलीत, ती कोणाला सांगायची नाही म्हणून. दसऱ्याला आई गाडीची पूजा करायची, लिंबू, झेंडूची माळ, सगळं. पूजा झाली की तुम्ही शेंदूर तेलात कालवून इंजिनाच्या बोल्टांवर ठिपके द्यायचात, अर्धा ठिपका बोल्टवर आणि अर्धा इंजिनावर. बाजारातले लोक म्हणायचे, माणूस किती देवभोळा! अहो, कसला देव? बोल्ट कोणी फिरवला की ठिपका तुटायचा आणि चोरी पकडली जायची. आपल्या घरातला देवसुद्धा पहाऱ्याला बसवलेला. मी तेच करते, फक्त शेंदराच्या ऐवजी नखांना लावायचं लाल पॉलिश वापरते. खाण तशी माती.

त्या ठिपक्यांवरूनच मावल्याच्या मिस्त्रींशी तुमचं फाटलं. तुमचे दोस्त ते, गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्याचा हात नाही. मी तेव्हा नुकती दुकानात बसायला लागले होते. तुम्ही गाडी त्यांच्याकडून आणली, अंगणात लावली, चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. मग वाकून बोल्ट पाहिले आणि मला मागे बसवून सरळ मावल्याला घेऊन गेलात. मी उन्हात उभी आहे, मिस्त्री कापडाला हात पुसत बाहेर येतायत, आणि तुम्ही ओरडताय, "माह्यं इंजिन बदललं तुनं! तो आवाजच नाई रायला! अन् ठिपके पाय, तुह्या हातचे हायेत!" ठिपके खरंच वेगळे होते, जाडसर, बोल्टच्या मधोमध. मिस्त्री काहीतरी हळू बोलले, ते मला ऐकू आलं नाही. तुम्ही जवळचा पाना उचलून त्यांच्या दिशेनं फेकलात. त्यानंतर तुम्ही त्यांच्या दारावरून गेलात तरी मान वळवली नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी ते आले होते. घरात शिरले नाहीत, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले आणि नंतर सगळ्यांच्या मागून चालत आले.

आता गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. त्याचेही केस पिकलेत. अशा मोठ्या गाड्यांचं काम जवळपास दुसरं कोणी करत नाही, म्हणून मी त्याच्याकडे जाते, पण डोळे उघडे ठेवून. इंजिन उघडं असलं की मी स्टूल ओढून समोर बसते. पहिल्याच वेळी माझे लाल ठिपके पाहून तो हसला होता. "अक्का, ठिपके तुमचे तुमीच लावा. आमच्या बापानं एकदा लावले, त पाना खाल्ला." मी हसले नाही. त्याला त्यातून काय सुचवायचं होतं याचा विचार करत घरी आले.

तर यानंही धाकटीचंच गाणं लावलं. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी, सैल झाली आहे, आवाज करते आहे, इंजिन खोलावं लागेल. मी कान देऊन ऐकलं. इंजिन लोण्यासारखं चाललेलं. आजवर चाललं नव्हतं इतकं गुळगुळीत! म्हटलं, बरोबर, चांगली गाडी खोलायची, आतला माल काढायचा आणि मग धाकटीच्या ओळखीतला कोणी घ्यायला तयारच असेल. मनात शंकेची पाल चुकचुकली. दुकानातली खरी पाल मात्र, आता आठवलं तर, कितीतरी दिवसांत चुकचुकलेली ऐकली नाही. तेव्हा वाटलं, मेली असेल.

धाकटीनं मला कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटन. बाहेर बसलेली मुलगी बारीक आवाज सोडते, तो आला की बटन दाबायचं. कागद चांगला निघाला. वयाच्या मानानं छान, म्हणाले. मी तो कागद धाकटीच्या नाकासमोर नाचवला आणि तिथून थेट मावल्याला गेले.

मिस्त्रीच्या मुलानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "अक्का, कागदाचं मले नाई समजत. चेन सैल हाय. भर रस्त्यात तुटली त इंजिन जाम होईन, अन् संगं चाकबी जाम होईन. तुमी एकट्या जाता." घाबरवतो मला! माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "तुझ्या बापानं माझ्या बापाचं इंजिन खाल्लं, आता तू माझं खातो का?" तो पाना खाली ठेवून आत गेला. आणि दाराशी खाटेवर पडलेले म्हातारे मिस्त्री उठून बसले. मला वाटायचं त्यांना आता काही समजत नाही. ते भिंत धरत आले, लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"गाडी चालू कर. हे लाव अन् आयक."

मी टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला. काही नाही, नुसती घरघर. मी त्यांच्याकडे पाहिलं, झालं समाधान, अशा नजरेनं.

"कानाले नाई, पोरी. दाताले लाव. तुहा बाप लावे तसा."

बाबा, मी मूठ कानापासून खाली घेतली. कारण तुम्ही तसं करायचात, शेवटच्या वर्षांत नेहमीच. मूठ दातांत, टोक इंजिनावर, डोळे मिटलेले. मला वाटायचं, शिंपी टाचण्या तोंडात धरतो तसं हात मोकळे राहावेत म्हणून धरता. मी दातांत मूठ धरली, आणि ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे जबड्यात आलं, ज्वारीच्या भाकरीत कच लागावी तसं, खर्र, खर्र, न थांबता. आवाज होता. मोठा होता. धाकटीला दारातून ऐकू येण्याइतका होता.

म्हातारे पुन्हा खाटेवर बसले. मला म्हणाले, "म्याच शिकवलं त्याले. कान गेले तुहे, म्हनलं, बारीक आवाज नाई येत तुले, म्हून इंजिन बदलल्यावानी वाटते. दातानं आयक. त्यानं पाना फेकला. मंग दातानंच आयके म्हनते सगळे, पन माह्याकडं नाई आला." मी विचारलं, "आणि ठिपके?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तो शेंदूर देवाचा नोता का? मले वाटलं दसऱ्याचा हाय. वरचं ढाकन आवळलं तवा निंघाला. देवाचं अर्धं कसं ठेवाव? हात धुवून लावला, बाई."

हात धुवून लावला, बाबा. आपण त्या माणसाला चोर म्हटलं.

आता मला तुमचाच संशय येतो. दातानं ऐकायला लागलात म्हणजे मिस्त्री खरं बोलले हे तुम्हाला पटलं होतं. पटलं होतं, मग मावल्याला जाऊन एक शब्द का नाही बोललात? घरात रोज जेवताना त्यांच्या नावानं बोटं का मोडलीत? रागानं लिहिते आहे हे. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. एवढा जिवाभावाचा माणूस, आणि तुम्ही त्याला रस्त्याच्या पलीकडे उभा ठेवलात, मरेपर्यंत आणि मेल्यावरसुद्धा! पण कारणही मलाच ठाऊक आहे. कान गेले म्हटलं की घरचे गाडी काढून घेणार, गाडी गेली की बाजार गेले, मग माणूस ओसरीवर बसून रस्ता मोजणार. त्यापेक्षा कोणीतरी चोर आहे म्हणणं सोपं. चोर दुसरा असतो.

कान गेल्याचं तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, हे मी इतक्या खात्रीनं कसं म्हणते, ते सांगते. त्या काचेच्या खोलीत काचेवर सावली पडायची. आवाज सोडताना त्या मुलीचं कोपर हलायचं. मी कोपर बघून बटन दाबत होते. एकही बारीक आवाज मला आला नव्हता. तरी कागद घेऊन मी मावल्याला गेले आणि त्या भल्या माणसाच्या तोंडावर त्याच्या बापाला चोर म्हणाले.

मी आत जाऊन मिस्त्रीच्या मुलाला म्हटलं, "माझं चुकलं. खोल इंजिन." त्यानं कापडाला हात पुसले. मग म्हणाला, "स्टूल तिकडं हाय, अक्का." मी स्टूल घेतलं नाही. बाहेर खाटेवर म्हाताऱ्यांजवळ बसले, इंजिनाकडे पाठ करून. दुकानातली चहापत्ती होती सोबत, तिचा चहा झाला. ते एक घोट घेऊन म्हणाले, "हे तुह्या बापाचीच पत्ती हाय." मी हो म्हटलं. आतून पाने वाजत होते, मोठे आवाज मला येतात, आणि मान वळवायची नाही म्हणून मी दोन्ही हातांनी कप धरून ठेवला होता. फार अवघड गेलं.

चेन बदलली. खिडकीतले बोळे काढून धुतले, ते कानात घालून मी काल गुडीहत्नूरपर्यंत जाऊन आले. वाऱ्याच्या घोंगाटातून उरलेले कान तरी वाचवावेत. तुमचं वाक्य मोडलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. धाकटीबरोबर पुन्हा डॉक्टरकडे जाणार आहे, आणि तिला आधीच सांगून ठेवलंय की मला डोळे मिटायला लाव. हे पत्र कुठे टाकणार? सीटखाली हत्यारांच्या पिशवीत राहील, तुमच्या त्या स्क्रू ड्रायव्हरबरोबर. म्हाताऱ्यांनी तो मला देऊन टाकला. मुठीवर दातांच्या खुणा आहेत, आणि त्या माझ्या नाहीत. इतकी वर्षं त्यांनी तो जपून ठेवला; तुम्ही गेल्यावर आईकडून मागून नेला असणार, पण ते विचारायचं मी टाळलं.

गाडी घरी आणली तेव्हा बोल्ट सगळे स्वच्छ होते, एकही ठिपका नाही. ठरवलं होतं, यापुढे लावायचे नाहीत.

एक लावलाय, बाबा. खालच्या बाजूला, बारीकसा. हात धुवून लावला.