ड्रायव्हरचे पाय

मास्तर, आज सकाळी पायपेटी उघडली, तासभर वाजवली आणि स्वतःवरच खूश होऊन हे लिहायला बसलो. चांगलं वाजवतो मी आता. तुमच्यासमोर असं बोललो असतो, तर तपकिरीची डबी बंद करून तुम्ही नुसतं 'वाजव बघू' म्हणाला असता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी सातारा-सांगली गाडीवर ड्रायव्हर, वय चौतीस, घरी तीन पोरं. तुम्ही नाटक कंपनी बुडाल्यावर सांगलीत एका खोलीत शिकवण्या घेत होता. दुपारी गाडीला सांगलीत दीड तास विसावा असायचा. बाकीचे चिंचेखाली डुलक्या काढायचे, मी तुमच्याकडे यायचो. मला एकच हवं होतं, एकदा तरी लोकांसमोर गाणाऱ्याला साथ करायची. बोटं लवकर वळली, पण पाय ऐकेनात. पेटीखालच्या दोन फळ्या आळीपाळीनं दाबत राहायच्या, म्हणजे भाता भरलेला राहतो. माझा डावा पाय क्लचवर ठेवल्यासारखा नुसता टेकलेला. आणि ओळ संपत आली, की थांबा आल्यासारखा उजवाही आपोआप उचलला जायचा. हवा संपून सूर बसायचा.

"अरे, हा काय कऱ्हाडचा स्टँड आहे? ओळ संपली, गाणं नाही संपलं."

"सवय हाय, मास्तर."

"मग ती गाडीत ठेवून येत जा."

मला राग आला. दोन दिवस तुमच्याकडे फिरकलो नाही. साताऱ्यात मात्र स्वयंपाकघरात स्टुलावर बसून दोन उशा तुडवायला लागलो. बायको भाकरी थापता थापता बघते आहे. "आवं, उशा फाडताय व्हय? झोपायचं कशावर?" दुसऱ्या दिवशी तिनंच जुन्या लुगड्याच्या दोन घट्ट गुंडाळ्या शिवून दिल्या. वर्षभर ड्युटीवर जायच्या आधी मी त्या तुडवत होतो.

मग डेपोच्या गणपतीत आम्ही संगीत नाटक बसवलं. पेटीला तुम्ही बसणार होता. तुम्हाला न्यायला आलो, तर तुम्ही तापानं फणफणलेले. "आज तू बस," एवढंच म्हणालात. मी बरं म्हणालो. घाबरलो नव्हतो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या अंकात नटी पदाची ओळ विसरली. मिरजेहून आलेली बाई, गळा भरदार, पण एकदम गप्प झाली. मंडपात सगळे तिच्याकडे बघताहेत. माझे पाय चालूच राहिले. तिचा सूर धरला, ती श्वास घेईपर्यंत धरून ठेवला आणि मग ओळीचं तोंड हळूच वाजवून दिलं. तिनं ते उचललं. लोकांना वाटलं, असंच बसवलं असेल.

दुसऱ्या दिवशी तुमच्या खाटेजवळ बसून हे सगळं सांगितलं. तुम्ही मला तीनदा सांगायला लावलंत. मग पांघरूण सारखं करत विचारलंत, "वाजवताना माझी आठवण आली का रे?"

"सारखी येत हुती, मास्तर."

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. डोळे पुसलेले मला दिसले. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकायची हिंमत झाली नसती. त्या दिवशी तुमची आठवण एकदाही आली नाही, मास्तर. मला फक्त त्या बाईचा श्वास ऐकू येत होता.