बुलडोझर चौथ्या मिनिटाला चीत

प्रिय दादा,

निकाल छापून आलेत. बायकांची जोडी बरोबरीत सुटली, मुखवटेवाला जिंकला, जाड्या नेहमीप्रमाणे दोरांबाहेर. आणि तळाशी तुझी निरोपाची लढत: तुफानकडून बुलडोझर चौथ्या मिनिटाला चीत. बस्स, एवढंच. माझं डोकंच फिरलं. त्यात शेजारचा न्हावी, बुलडोझरचं इंजिन बसलं, असं गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय. मी सध्या त्याच्याशी बोलत नाही.

त्याला काय ठाऊक? तुमच्या कुस्तीत कोण जिंकणार ते आधी ठरतं, आणि हे तर माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून ठरलं होतं. तुफान म्हणजे आमचे हे, सख्ख्या मेहुण्याशी शेवटची लढत. वीस मिनिटं झुंज, मग तू जिंकायचं, बेल्ट उंचावून रडायचं. रडण्याची तालीम करताना तुम्ही दोघं इतके हसलात की माझा टाका चुकला. तुझ्या झग्याला मी सोनेरी अस्तर लावलं होतं. ते कुणाला दिसलंच नाही.

मी पहिल्या रांगेत होते. ह्यांचा पाय दोरावरून सटकला आणि हे मानेवर आपटून पालथे पडले. लोकांना तोही खेळच वाटला. तू पकड घातल्यासारखं करून ह्यांचं मनगट दाबलंस. तुमची खूण मला ठाऊक आहे: समोरच्याने उलट दाबलं की तो ठीक. तू पुन्हा दाबलंस. ह्यांनी दाबलं नाही. जिंकायचं तर ह्यांना उताणं करावं लागलं असतं, मान हलली असती. तू स्वतःच उताणा झालास, ह्यांच्या हाताखाली सरकलास आणि पंचाने तीन मोजले. लोक हुर्यो करत होते, नि तू स्ट्रेचर येईपर्यंत ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसलास. इतक्या वर्षांत तुझी इतकी देखणी कुस्ती मी पाहिली नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो, दादा.

तू फोन उचलत नाहीस. हरल्याची लाज तुला नाही, मी ओळखते. काय ऐकावं लागेल, याची धास्ती आहे. म्हणून लिहिते. आज सकाळी दवाखान्यात मी तुझ्यासारखंच ह्यांचं मनगट दाबलं. ह्यांनी उलट दाबलं. विचारलं तू होतंस, म्हणून उत्तर तुला पाठवते आहे.

तुझीच,
धाकटी