चौकीवरच्या मातेचा हात

पप्पा, गेल्या महिन्यात आत्या गेली. तिला ठेवायला आपल्या धाकटीची, माझ्या बहिणीची, कबर उघडावी लागली. आता सिमेटरीत नवी जागा मिळत नाही, जुन्याच कबरी पुन्हा उघडतात, हे तुमच्याही वेळी सुरू झालं होतं. खणणाऱ्याने माती बाजूला करता करता काहीतरी उचललं, खांद्यावरच्या टॉवेलला पुसलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. काळा पडलेला चांदीचा हात, अंगठ्याचं टोक तुटलेला. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे मास्तरांनी विकला नव्हता तर." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि गावाला हे आता कळलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. घरात बोलायला तसं कोणी नाही. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून ते नुसते बघत राहतात.

गासच्या खाडीकडेला ती चौकी होती, तिथे आता तीन विंगचं कॉम्प्लेक्स आहे. तुमच्या वेळी दीड भिंत आणि वर उगवलेला पिंपळ एवढंच उरलं होतं. फिरंग्यांचे शिपाई तिथून खाडीतल्या होड्यांवर नजर ठेवायचे. त्यांच्या छोट्या आल्तारावर मातेची लाकडी मूर्ती होती आणि तिचा उजवा हात चांदीचा होता. मराठे आले, शिपाई पळाले, गावाने मूर्ती उचलून आणली, हात मात्र चौकीतच राहिला. ज्याला तो हात सापडेल त्याच्या घरचं दुखणं जाईल, असं गाव सांगायचं. आपल्या चॅपेलातली माता अजून तशीच उभी आहे, उजव्या मनगटापाशी संपलेली. तुम्ही वर्गात इतिहास शिकवताना ही गोष्ट हमखास काढायचात आणि विचारायचात, "ज्या शिपायांना पगार वेळेवर मिळत नव्हता, ते पळताना चांदी मागे ठेवतील का?" सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे, कारण वर्गातसुद्धा मी तुमची मुलगी होते.

मग धाकटीच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी तुम्हाला आणि आईला आत बोलावलं, मला बाहेर तिच्याजवळ बसवलं. रक्ताचा कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. "तिचं रक्त कमी झालंय," एवढंच आपण सगळ्यांना सांगायचो. एका दुपारी तुम्ही तिला केळं कुस्करून भरवताय आणि ती विचारते, "पप्पा, तो मातेचा हात खरंच नाही?"

"नाही गं. गोष्ट आहे ती."

"तुम्ही खणून बघितलंय?"

"नाही."

"मग नाही कसं म्हणता? तुम्हीच सांगता ना, पुरावा बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

तुम्ही चमचा वाटीत ठेवलात.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तुम्ही कपडे बदललेत आणि कुदळ घेऊन निघालात. दुपारी आईने मला डबा देऊन पाठवलं. तुम्ही बनियनवर, कमरेपर्यंत खड्ड्यात, आणि कळंबचे तुमचे कोळी दोस्त काठावर बसून घमेलं ओढत होते. बाहेर ढिगाऱ्यात कौलांचे तुकडे, शिंपल्या आणि गंजलेली एक कडी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. खणतच राहिलात. शेवटी ते दोस्तच म्हणाले, "मास्तर, पानी लागलं. आता खनून काय उपेग नाय." तुम्ही त्या पाण्यात तसेच उभे राहिलात. तुमच्या ओठांवर माती होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की धाकटी जाणार आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पण तुम्ही खणताय म्हणजे दुसरं काहीच उरलेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आईने आपली लग्नातली चांदीच्या मण्यांची रोझरी रुमालात बांधून तुमच्या हातात दिली. तुम्ही मला सोबत घेतलंत, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक एकट्याने ते करणं तुम्हाला जमलं नसतं. वसईच्या बाजारातल्या सोनाराने विचारलं, "नवसाचा हात का, मास्तर?" तुम्ही म्हणालात, "हो. पण जुना दिसायला हवा. फार जुना." त्याने पुढे काही विचारलं नाही. हात तयार झाला तेव्हा तुम्ही घरी येऊन पकडीने त्याच्या अंगठ्याचं टोक मोडलंत आणि तो खाडीच्या चिखलात पुरून ठेवलात. मग एका संध्याकाळी चिखलाने भरलेल्या चपलांसकट तिच्या खाटेपाशी गेलात आणि म्हणालात, "तुझं बरोबर होतं. मी चुकीचं शिकवत होतो."

ती किती हसली, पप्पा. त्या रात्री तिने पेज मागून घेतली. सकाळी ओट्यावर येऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवत होती, त्यामुळे दुपारपर्यंत गावभर झालं. रविवारी तुम्ही तिला उचलून चॅपेलात नेलंत, कारण हात तिला स्वतः बसवायचा होता. सगळे बाकांवर चढून बघत होते. हात मनगटाला बसेना, मोठा होता. तुमचा चेहरा पांढरा पडला. ती मात्र शांतपणे म्हणाली, "लाकूड आहे ना, इतक्या वर्षांत माता वाळली असेल. मी बरी झाले की आपण सुताराला सांगू." आणि तिने तो परत आपल्या फ्रॉकच्या खिशात टाकला.

पाऊस संपायच्या आत ती गेली. पेटी बंद करण्याआधी तुम्ही तो हात तिच्या बोटांत दिलात. आई आणि मी शेजारी होतो, बाकी कोणाला दिसलं नाही. चार दिवसांनी गावातली मोठी माणसं आली. हात देवळाचा आहे, परत द्या, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "तो तिच्याबरोबर गेला." त्यांचा विश्वास बसला नाही. मास्तरांनी मुंबईत विकला, हॉस्पिटलचं बिल भागवलं, असं बोललं जाऊ लागलं. सणाच्या मिरवणुकीत मूर्तीला खांदा द्यायला तुम्हाला बोलावणं थांबलं. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून टाका ना की सोनाराकडून आणला. तुम्ही वह्या तपासत होता, मान वर न करता म्हणालात, "मग ती कशावर हसली, ते लोक विचारतील." त्यानंतर मी हा विषय काढला नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या पेटीमागे फार माणसं नव्हती.

आत्याच्या दफनानंतर हाताची बातमी पुन्हा फिरली. त्या कॉम्प्लेक्समधली एक मुलगी आली, साताऱ्याकडची, नवरा-बायको दोघं अंधेरीला नोकरीला. तिचा मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे. दारातच उभी राहिली. म्हणाली, "काकू, आम्ही तुमच्या धर्मातले नाही. चालेल का?" मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. सोनार, रोझरी, चिखल. मनगटाच्या आतल्या बाजूचा सोनाराचा शिक्कासुद्धा दाखवला. तिने तो नीट बघितला. मग म्हणाली, "असू दे काकू. तरी न्यायचाय."

मी दिला. आठवडाभराने वॉचमनच्या हाती परत आला, प्लास्टिकच्या पिशवीत. घासून लख्ख केलेला. मी वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, ते लोक गावाला गेले, फ्लॅट बंद आहे. मी पुढचं विचारलं नाही.

फादर दोनदा येऊन गेले. हात चॅपेलात काचेच्या पेटीत ठेवू म्हणतात. मी त्यांना आज-उद्या करत्येय. त्यांना खरं सांगितलेलं नाही, खोटंही नाही. हे लिहिलेलं कुठे ठेवायचं तेही मला कळत नाही. तुमच्या कबरीतही आता दुसरं कोणी आहे.

त्या दुकानात मी तुमच्या शेजारी बसले होते, पप्पा. रोझरीचा एकेक मणी मुशीत पडताना मी बघितलाय. ह्यांच्या तब्येतीत काही फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी मला, या वेळी मलाच, आत बोलावून सांगितलंय. तरी रोज सकाळी ह्यांचं अंग पुसून झालं की मी तो हात ह्यांच्या निकामी हातावर ठेवते, आणि बोटं हलतात का ते बघत बसते.